मुद्दल

सरकारी मदतीचे पैसे सकाळी खात्यात जमा झाले आणि दुपारी ते काढून ती नणंदेला घेऊन मालकाच्या कापडदुकानात उभी राहिली. नवरा बाहेर हातगाडी धरून थांबला होता. त्याच्या आजारपणात तिने शिलाई मशीन मालकाकडे गहाण टाकलं होतं. तेव्हापासून ती दुकानाच्या मागच्या खोलीत, स्वतःच्याच मशीनवर, मालकाचे शर्ट शिवत होती. मजुरी व्याजात जायची. मुद्दल जागच्या जागी.

"अगं, घाई काय आहे?" मुद्दल फेडायचं म्हटल्यावर मालक म्हणाला. "अशी मदत रोज थोडीच येते? छत गळतंय ना तुमचं? ते करून घे आधी. आपण का परके आहोत?"

छत गळत होतंच. तिचा हात पिशवीतच अडला.

"परके नाही म्हणूनच तर व्याज घेता," नणंद म्हणाली. "परक्यांना फुकट देत असाल."

मालक हसला. पण नोटा समोर आल्यावर त्याने त्या मोजून गल्ल्यात टाकल्या. "झालं. मशीन तुझं. ती बाही तेवढी अर्धी राहिली आहे, पुरी कर आणि ने."

ती बसली. अर्धी शिवण टाकून उठायचं नाही, हे तिच्या हाताला लागलेलं वळण होतं. बाही खांद्याशी निम्मी फिरली, तेवढ्यात मालकाने शेजारी बेतलेल्या कापडांचा गठ्ठा आणून ठेवला.

"बसलीच आहेस तर हेही. मशीन राहू दे आजचा दिवस."

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "ऊठ."

सुई कापडात रुतलेली होती. तिने गठ्ठ्याकडे पाहिलं. हा संपला की दुसरा येणार, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"याची मजुरी?" तिने विचारलं.

"घरच्या माणसांत कसला हिशेब?"

तिने चाक हाताने फिरवून सुई वर घेतली आणि दोरा कापला. बाही लोंबकळत राहिली.

"अर्ध्यावर सोडतेस?" मालकाचा आवाज चढला. "कारागीर म्हणवतेस ना स्वतःला?"

तिचे कान तापले. ती मशीनचा पट्टा काढू लागली. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा सुटला.

"गिऱ्हाईक सकाळी दारात येईल माझ्या!"

"मग गठ्ठा घरी पाठवा," ती म्हणाली. "रात्रीतून शिवून देते. नगावर."

मालकाने गठ्ठ्याकडे पाहिलं. गल्लीत दुसरं कोणी शिवणारं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"नगाला किती घेशील?"

इतके दिवस दर मालक सांगायचा आणि ती मान हलवायची. तिने नणंदेकडे पाहिलं. एरवी शब्द खाली पडू न देणारी नणंद आता तोंड मिटून उभी होती.

तिने आकडा सांगितला, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "वन्सं, त्या बाजूने धरा. जड आहे."