मारूसोबाईंच्या आंदणातला खुंट

सुज्ञ मित्रांनो, जमिनीखाली निजलेल्या एका डोळ्याची हकीकत मी आज यथामती आपणांपुढे मांडणार आहे. ती मी स्वतः भोगली आहे.

मी एक जुना द्राक्षाचा खुंट आहे. ग्रीसच्या सांतोरीनी बेटावर, ज्वालामुखीच्या राखेत माझी मुळे आहेत. माझे वय कोणासच ठाऊक नाही. येथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि वारा घरच्यासारखा राहतो. म्हणून आम्हांस मांडवावर चढवीत नाहीत. आमच्या काड्या जमिनीलगत गोल विणून टोपली करतात आणि घड त्या टोपलीच्या पोटात वाढतात. समुद्रावरून धुके येते, तेच आमचे पाणी. एवढ्याशा ओलाव्यातून अशी पांढरी वाइन होते की तीत गोडीचा मागमूस नसतो. आधी लिंबाची धार लागते आणि मागून जिभेवर मीठ उतरते. हे कसे घडते, याचे नवल मला आजही वाटते.

येथे मळा आईकडून मुलीकडे जातो. मीही मारूसोबाईंच्या लग्नात आंदण म्हणून आलो. त्यांचे पती झानीस माझी मशागत करीत. पुढे माझी टोपली वाळत गेली, घड विरळ झाले. अशा वेळी खुंट जमिनीशी कापतात. मुळावरचा निजलेला डोळा, म्हणजे सुप्त अंकुर, फुटला तर नवा जन्म, न फुटला तर शेवट. एका हिवाळ्यात झानीस यांनी मला कापले. मारूसोबाईंना विचारले मात्र नाही.

“विचारलं असतं तर कापू दिलं असतंस का?” ते म्हणाले.

“नसतं दिलं. म्हणूनच विचारायचं असतं. माझ्या आईचा खुंट तो. तुझी दाढी नव्हे, वाटेल तेव्हा भादरायला.”

कापलेली टोपली मारूसोबाईंनी कोंबड्यांना अंडी घालायला दिली. माझ्या शेवटच्या वाइनचे पिंप कुलपात ठेवले, आणि नवऱ्याच्या ताटाशेजारी पाण्याचा पेला मांडू लागल्या.

वसंत आला. शेजारचे खुंट हिरवे झाले; मी उघडाबोडका. झानीस रोज येऊन माझ्यापाशी बसत.

“त्या टोपलीनं कोंबड्यांचं तरी भलं केलं,” मारूसोबाई म्हणत. “तू कुणाचं केलंस?”

उन्हाळ्याच्या तोंडाशी मला उपटण्यासाठी झानीस कुदळ घेऊन आले. मागोमाग मारूसोबाई आल्या.

“थांब. माझा आहे, मी खणते.”

त्या हातांनीच राख उकरू लागल्या. वीतभर खाली त्यांची बोटे थांबली. तेथे एक पांढरा कोंब वळत वळत वर येत होता. मित्रांनो, तो माझाच होता आणि मलाच त्याची ओळख नव्हती. किती पिढ्यांपूर्वीचा तो डोळा, कोण जाणे. इतका काळ अंधारात राहून त्याने उजेडाची दिशा कशी ध्यानात ठेवली?

झानीस यांनी मारूसोबाईंकडे पाहिले.

“माझ्याकडे काय बघतोस,” मारूसोबाई म्हणाल्या. “टोपी काढ आणि वाऱ्याला आडवी धर.”

त्यांनी धरली.

दुपारी भाजलेल्या मासळीशेजारी माझ्या वाइनचा पेला होता. झानीस यांनी एक घोट घेतला.

“नवी टोपली मी विणणार,” मारूसोबाई म्हणाल्या. “तू काड्या धरायच्या. आणि कात्रीला हात लावण्याआधी विचारायचं.”

“विचारतो,” झानीस म्हणाले. “अजून एक घोट घेऊ का?”

मारूसोबाईंनी पेला भरला.

म्हणून माझी विनंती आहे, की वरून वाळलेले दिसते ते उपटण्यापूर्वी खाली हात घालून पाहावे. आणि ते ज्याचे आहे, त्यास आधी विचारावे. आपण शांतपणे ऐकून घेतलेत, याबद्दल मी आपला आभारी आहे.

आपला नम्र,
असिर्तिको द्राक्षाचा खुंट,
मुक्काम सांतोरीनी