पाळीबाहेरचं पाणी

बिराप्पानं किल्ली फिरवली आणि पाटाचं लोखंडी दार जराही न कुरकुरता वर आलं. बाभळीआड बसलेल्या हरिबानं मान उंच करून पुन्हा कान दिला. एकोणीस वर्षं त्यानं हेच दार उघडलं-लावलं होतं आणि एकोणीस वर्षं ते अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं कुरकुरत होतं. दार जुनं झालंय, ते ओरडणारच, असं तो सगळ्यांना सांगायचा. या पठ्ठ्यानं आठ दिवसांत त्याला करडीचं तेल पाजून गप्प केलं होतं. एवढंसं तेल आपल्याला कधी सुचलं नाही, याचाच हरिबाला जास्त राग आला.

हरिबा पाटकरी होता. म्हणजे दीड महिन्यापूर्वीपर्यंत होता. कालव्याचं पाणी कुणाच्या रानात कोणत्या दिवशी आणि किती वेळ जायचं, हे सरकारात ठरलेलं असे. त्याला पाळी म्हणत. पाळीप्रमाणे दार उघडायचं आणि वेळ झाली की लावायचं, एवढंच पाटकऱ्याचं काम. पण ती वीतभर लांबीची किल्ली कमरेला असली, की वीस-वीस एकर उसाचे मालकही चावडीवर सरकून जागा देत. पाळी ज्याची असेल त्यानं पाटकऱ्याला खूश ठेवायचं, अशी गावाची रीत होती. कुणी कोंबडं कापी, कुणी पहिल्या धारेची बाटली आणून ठेवी. कोंबडं पचलं, बाटली मात्र हरिबाला चिकटली.

यंदाच्या माघात असाच तो झिंगून पाटाच्या चौकीत आडवा झाला आणि दार उघडंच राहिलं. पाणी, ज्याची पाळी होती त्या बाळासोच्या उसातून ओसंडून शेजारच्या खळ्यात घुसलं. खळं मनुबाईचं, रांडमुंड बाईचं. तिची वर्षाची जोंधळ्याची कणसं भिजली आणि तिसऱ्या दिवशी त्यांना मोड आले. हरिबानं सांगितलं, कुणीतरी दाराचं कुलूप मोडलं. कालव्याच्या ओव्हरसियरसाहेबांना त्याच्या तोंडाचा वास दहा हातांवरून आला. त्यांनी किल्ली काढून घेतली आणि चार्जशीट हातात दिलं. गुढीपाडव्यानंतरच्या गुरुवारी बंगल्यावर येऊन जबाब द्यायचा; दारू सुटल्याचा डॉक्टरचा कागद आणलास तर बघू, म्हणाले.

इस्लामपुरात लढाईवरून परतलेले एक डॉक्टर होते. पलटणीतल्या कित्येकांची दारू त्यांनी सोडवली, असं गावातले फौजी सांगत. हरिबा दोन कोस चालत गेला.

"किती पितोस?" डॉक्टरांनी विचारलं.

"कवातरी, सायेब. जराशी."

डॉक्टरांनी काढलेली औषधाची बाटली परत कपाटात ठेवली. "पुढच्या गुरुवारी ये. तोवर नीट आठवून ठेव."

पुढच्या गुरुवारी हरिबानं खरं सांगितलं. मग कडू औषध मिळालं, आणि दर गुरुवारी येऊन तोंड दाखवायची अट पडली. जाता जाता डॉक्टरांनी विचारलं, "आणि दार कसं उघडं राहिलं?"

"कुलूप मोडलं हुतं," हरिबा म्हणाला. डॉक्टरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

पहिले दहा दिवस वाईट गेले. हात इतके कापत, की रंगूबाई, त्याची बायको, आंबिलीचं भांडं त्याच्या ओठाला लावी. अकराव्या दिवशी तो उठून बसला आणि पाहतो तर ती दोन भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात बांधत होती.

"कुणाला गं?"

"बिराप्पाला. एकटा गडी हाय चौकीत. कच्चीपक्की भाकर करून खातंय बिचारं."

"माझ्या जागंवर येऊन बसलाय त्यो, आन तू त्याला चटणी-भाकर धाडतीस?"

"त्येनं जागा घेटली न्हाई. तुमी सोडली," रंगूबाई म्हणाली. तिला एवढ्यावर थांबता आलं असतं. पण पुढे म्हणाली, "आन आता पाणी सांगितल्या येळंला येतंय. आमी बायका धुणं घेऊन ताटकळत न्हाई बसत."

बायकोची कडू बोलणी हरिबाला पाठ होती. पण तिनं परक्याचं कौतुक करावं, हे एकोणीस वर्षांत घडलं नव्हतं. त्या दिवसापासून बिराप्पा त्याच्या डोळ्यांत खुपू लागला. बिराप्पा म्हसवडकडचा, मेंढरांमागं वाढलेला. त्याच्या गावी हंडाभर पाण्यासाठी दोन मैल चालावं लागे. हरिबाला वाटलं होतं, असला गडी पाटावर दोन दिवस टिकायचा नाही. पण बिराप्पा पाणी असं जपून सोडी, की बघणाऱ्याला ते तूप वाटावं. बाटली आणणाऱ्याला तो हात जोडून परत पाठवी. माणसात एक तरी खोट असतेच. ती सापडेपर्यंत हरिबाला चैन पडेना. औषध घेऊन तो रोज बाभळीआड जाऊन बसू लागला. दारूची आठवण आली, की तो बिराप्पाची एखादी चूक शोधी आणि त्यात तास निघून जाई. खरं सांगायचं, तर डॉक्टरच्या औषधाइतकाच त्याला या मत्सराचा गुण आला.

चौकशीच्या आदल्या दिवशी भर दुपारी खोट सापडली. रिकाम्या रानांतून शेळ्यामेंढ्यांचा कळप पूर्वेकडे, म्हसवडच्या बाजूला, परत चालला होता. जनावरं तहानेनं ओरडत होती. एका म्हातारीनं पाटावर येऊन हाक दिली, "बिराप्पा, आरं ल्येकरा, हरणाबाई हाय मी. कोकरं मरत्यात रं."

मेंढरं पाटात उतरली तर काठ ढासळतो. ती काठावर येऊ द्यायची नाहीत, हा सरकारी नियम. आणि पाळी होती तिकडच्या वस्तीवरच्या सयाजीची. बिराप्पानं आधी इकडं, बाभळीच्या बाजूला, पाहिलं, मग तिकडं. मग किल्ली घातली, दार दोन बोटं उचललं आणि पाणी काठाबाहेरच्या चरात सोडलं. मेंढरांनी माना खाली घातल्या. ती पोटभर प्यायल्यावर त्यानं दार लावलं आणि काठावरचं एक ढेकूळही निसटलं नाही ना, हे वाकून बघितलं. चूक करतानाही मेला नेटका वागतो, असं हरिबाच्या मनात आलं आणि तो आणखी जळला.

पण त्याला आनंदही झाला. पाळीबाहेर पाणी! हरिबाला बाटली बघून कधी झाला नव्हता एवढा आनंद झाला. घरी येताना वाटेत गुत्ता लागला. त्यानं तिकडं मानसुद्धा वळवली नाही. उद्या कागद दाखवायचा, वर हे सांगायचं, आणि किल्ली परत कमरेला.

गुरुवारी बंगल्यावर साहेबांनी डॉक्टरचा कागद दोनदा वाचला. "चांगलं लिहिलंय. तेहेतीस दिवस थेंब नाही. शाबास. आता जबाब दे. कुलूप मोडलं होतं, हेच ना? मोडलं नव्हतं, असं सांगणारा कुणी साक्षीदार नाही. हेच लिहिलं तर ताकीद देऊन तुला कामावर घेता येईल."

"सायेब, त्येच्या आदी एक सांगतो," हरिबा म्हणाला. "तुमच्या नव्या पाटकऱ्यानं काल पाळीबाहीर पाणी सोडलं. मेंढरांस्नी. म्या डोळ्यांनी बघितलंय."

साहेबांनी दौतीत टाक बुडवला आणि तसाच ठेवला. "ठाऊक आहे. काल दिवस मावळायच्या आत बिराप्पा स्वतः इथं आला होता. चूक झाली म्हणाला, काय शिक्षा असेल ती द्या म्हणाला. मी ताकीद देऊन सोडलं. कुणी बघितलं का, असं मी विचारलं. तर म्हणाला, 'न्हाई सायेब, कुणीच न्हाई.'"

हरिबाचे कान तापले. व्हरांड्यात पाण्याची घागर होती आणि तिच्यावर उन्हाचा पट्टा पडला होता. तो त्याच्याकडेच बघत राहिला. आपण तीन आठवडे त्या माणसाची खोट शोधत बाभळीआड बसलो होतो. ती सापडली, तर त्यानं आधीच स्वतःच्या हातानं इथं आणून ठेवली होती. आणि आपली खोट अजून कुलपात होती.

"मग? कुलूप मोडलं होतं, लिहू?"

"न्हाई," हरिबा म्हणाला.

"काय?"

"कुलूप धड हुतं, सायेब. म्या प्यालो हुतो. मनुबाईचं जोंधळं माझ्यामुळं ग्येलं."

साहेबांनी टाक कागदावर टेकवला. "हे लिहिलं, तर किल्ली परत मिळायची नाही. गाळ काढणाऱ्या टोळीत घालीन, त्यापेक्षा जास्त काही मला करता येणार नाही. घरी बायकोला विचारून ये हवं तर."

"तिला ठावंच आसंल," हरिबा म्हणाला. "लिवा."

सोमवारी तो खोरं घेऊन पाटात उतरला. घोटाभर गाळ होता. एके काळी ज्यांनी पाटकरी म्हणून चावडीवर सरकून जागा दिली होती, ते काठावरून जाताना 'काय हरिबा?' म्हणत होते. सगळं मन धुऊन निघालं, असं काही झालं नाही. किल्लीचा आवाज ऐकला, की अजूनही त्याची मान तिकडं वळे. बिराप्पाच्या कमरेला ती बघवत नसे.

दुपारी दाराखाली वेलाचं जाळं अडकलं. बिराप्पानं धोतर खोचलं, कमरेची किल्ली सोडली आणि काठावरून हात खाली केला.

"तात्या, जरा धरा. मला आत शिरावं लागतंय."

हरिबानं दोन्ही हातांनी किल्ली धरली. ती उन्हानं आणि कमरेच्या उबेनं गरम झाली होती. हात कापत नव्हते. बिराप्पा दाराखाली वाकला होता, त्याची पाठ इकडं होती.

"आन तात्या," तो आतूनच म्हणाला, "त्या बाभळीला सावली न्हाई. उगं उनात बसत हुता. चौकीत येत जावा."

'कुणीच न्हाई,' असं हा साहेबांना म्हणाला होता, ते हरिबाला आठवलं. बिराप्पा वेलाचा भारा घेऊन वर आला. हरिबानं धोतराच्या सोग्यानं किल्लीवरचा चिखल पुसला आणि ती त्याच्या हातात दिली.

"पाळी कुणाची हाय आज?"

"मनुबाईची."

दार उचललं गेलं. हरिबानं खोरं खांद्यावर टाकलं आणि पाणी पोचायच्या आधी पाटातला गाळ मोकळा करत, तिच्या रानाकडं चालू लागला.