काळ्या मातीतला हात

"हात ढिला सोड. कोणाची वस्तू उचलल्यावानी नको धरू," रहीम म्हणाला.

लेकीच्या, जोयाच्या तळव्याला त्यानं तेलात कालवलेली काजळी फासली होती. तिनं नव्या एअर पिस्तुलाची लाकडी मूठ धरली, हात लांब करून भिंतीवरच्या खिळ्यावर नेम धरला, श्वास थांबवला आणि मूठ अलगद सोडली. लाकूड जिथं तळव्याला बोचत होतं, तिथं गडद काळा डाग उमटला. रहीमनं तेवढाच डाग कानशीनं उतरवला. पुन्हा काजळी, पुन्हा नेम. मंगरूळपीरच्या या दुकानात तो एरवी दारं-चौकटी, दिवाण करी. पिस्तुलाची मूठ एकाच गिऱ्हाइकासाठी.

पिस्तूल चांगलंच होतं. शिकंज्यात आवळून मारलं तर छर्ऱ्यावर छर्रा पडे. जोयाच्या हातात आलं की मात्र छर्रे विखुरत, कारण कारखान्यातली मूठ रुंद पंजासाठी घडवलेली होती आणि तिच्या हातात दर वेळी निराळी बसे. राज्याची नेमबाजीची निवड चाचणी जवळ आली होती. म्हणून रहीमनं मळलेली काळी माती डब्यात घालून ट्रॅव्हल्सनं पुण्याला पाठवली. जोयानं ती मुठीत दाबली आणि ठसा परत धाडला. त्यावरून त्यानं शिसवीची मूठ कोरली. ती लहान झाली.

काळी माती सुकली की आक्रसते, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. उन्हाळ्यात वावरात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. पण ठसा हातात घेतल्यावर रहीमला शंकाच आली नाही. त्याला तो बरोबर वाटला. दहावीनंतर पुण्याला खेळाच्या वसतिगृहात गेली तेव्हा जोयाचा हात एवढाच तर होता.

लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही. दुसरी मूठ त्यानं जाड ठेवली आणि फोनवर सांगितलं, आता माती नको, हातच पाठव. जोया एका दिवसाची रजा काढून आली.

जुबेदा चहा घेऊन आली. "मागच्या ईदले बांगड्या बी अशाच जुन्या मापाच्या धाडल्या होत्या यायनं. चढल्या का तुले?"

"एक चढली, अम्मी. ते अजून निघून नाई राह्यली."

रहीम हसला नाही. पुन्हा कधी येशील, एवढंच त्यानं कानस चालवता चालवता विचारलं.

"चाचणीनंतर पाहू, अब्बू. मूठ ठीक झाली तं मधात यायचं काम नाई."

दुपार कलली. जोयानं पुन्हा नेम धरला आणि म्हणाली, बसली, आता पक्की बसली. शेलूबाजारला सोडणारी जीप बाहेर उभी होती. तिथून पुण्याची गाडी. तिनं पिस्तूल पेटीत ठेवलं. पण मुठीवर, अंगठ्याच्या मुळाशी, तिळाएवढा डाग रहीमला दिसला होता. आत्ता तो जाणवणार नाही. रोजच्या सरावात आठवडाभरात तिथं दुखू लागेल. मग फोन येईल, आणि फोनवर तर लाकूड घासता येत नाही. तिला यावंच लागेल.

जोया उंबऱ्यापर्यंत पोचली. जीपवाल्यानं हॉर्न दिला.

"थांब," रहीम म्हणाला. "पेटी दे इकडं."

"काय राह्यलं?"

"जरासं हाय."

त्यानं काचपेपरची घडी घातली आणि तो तीळ पुसून टाकला. मग शेवटची काजळी लावली. या वेळी काळेपणा मुठीभर सारखा पसरला.

"किती जोरात धरतं तू?"

जोयानं त्याचा डावा हात मनगटाच्या वर धरला. "एवढंच. याहून आवळलं तं नेम थरथरते." क्षणभर तशीच उभी राहिली. मग फडक्याला हात पुसून, पेटी घेऊन निघाली.

असरची अजान झाली तेव्हा रहीम नमाजाआधीच्या वजूसाठी नळापाशी बसला. बाही आणखी वर सारली. डाव्या मनगटाच्या वर चार बोटं आणि अंगठा काळा उमटला होता. मातीतल्या बोटांपेक्षा ती बरीच लांब होती. त्यानं पंजे धुतले, चूळ भरली, तोंड धुतलं, उजवा हात कोपरापर्यंत धुतला.

डाव्याची पाळी आली तेव्हा त्यानं नळ बारीक केला.