तुएच्या कवितेतली माझी ओळ

छप्पन्न साली साऱ्या जगातल्या लेखकांना एकदम कंठ फुटला होता. वॉर्सात कवी सभा गाजवत होते, बुडापेस्टला लेखकांच्या बैठकीत रस्त्यावरची माणसं येऊन बसत होती, पेकिंगने शंभर फुलं फुलू द्या म्हणून सांगितलं होतं. मग हनोईनेच काय घोडं मारलं होतं? आम्ही आठ-दहा जणांनी एक मासिक काढलं. सकाळी फुटपाथवर अंक मांडला की दुपारपर्यंत एक प्रत उरत नसे. असे चार अंक निघाले आणि डिसेंबरात मासिक बंद करण्याचा हुकूम आला.

मी खिएम, त्या मासिकाचा संपादक. कवी म्हणून मी सुमार होतो, हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. पण दुसऱ्याची ओळ कुठे लंगडते ते मला वाचताक्षणी कळायचं, आणि ती नीट केल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. मंडळी मला ‘न्हावी’ म्हणायची. समोर डोकं दिसलं की याची कात्री चालू!

माझं सगळ्यात लाडकं डोकं तुएचं. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, युद्धावरून एक पाय अधू करून परतलेला. कविता कागदावर उतरवायचा त्याला कंटाळा, सगळ्या तोंडपाठ. त्याची बायको दिएप प्राथमिक शाळेत शिकवायची. छप्पन्नच्या शरदात एका दुपारी त्यांच्या खोलीत कमळाच्या पानातला कोवळा हिरवा तांदूळ चिमटीने खात बसलो असताना त्याने एक नवी कविता म्हटली. त्याचा थोरला भाऊ लढाईत गेला होता, त्याची अजून वाट पाहणाऱ्या आईवरची. शेवट असा होता:

आई आजही एक वाडगा जास्त मांडते,
शेजारीण येते, तो भरून जाते.

“शेवटी बसकण मारलीस, तुए,” मी म्हणालो. “शेजारीण कशाला घुसवलीस मध्येच?”

“घुसवली नाही, दादा. ती येतेच. आमच्या गावी रोज संध्याकाळी येते.”

“गावात येऊ दे, कवितेत नको. असं कर. ‘आई आजही एक वाडगा जास्त मांडते, जेवणं झाली की रिकामाच उचलते.’ बघ, अंगावर काटा येतो की नाही?”

“काटा येतो. पण खोटं आहे ना ते!”

दिएप हसायला लागली. “भाऊजी, तुमच्या हाती आमच्या सासूबाई दिल्या तर उपाशी मरतील हो त्या!”

तुएने ओळ बदलली नाही. पुढे मासिकच बंद पडलं, त्यामुळे ती कविता कुठेच छापून आली नाही.

अठ्ठावन्नच्या सुरुवातीला आम्हा सगळ्यांना गावाबाहेरच्या एका वाडीत अभ्यासवर्गाला बोलावलं. नाव अभ्यासवर्ग, पण अभ्यासाला विषय आम्हीच. रोज एकाची पाळी. त्याने आपल्या चुका सांगायच्या, मग इतरांनी त्याच्यावर बोलायचं. आमच्यात न ठरवताच एक रिवाज पडला होता: ज्याची पाळी त्याच्यावर पहिल्यांदा त्याच्या जवळच्या मित्राने तुटून पडायचं. मित्राने मोठ्या आवाजात आणि हलक्या हाताने झोडपलं की मागच्यांना नवं काही उरत नसे.

पाळीच्या दिवशी सकाळी तुए मला तळ्यावर तोंड धुताना गाठून म्हणाला, “दादा, आज तुम्हीच बोला आधी.”

“मीच बोलणार. दुसऱ्या कोणाला सोडतोय मी!”

“दिएपला चौथा महिना आहे.” एवढंच बोलून तो ओणवा होऊन चूळ भरत राहिला.

त्याला काय म्हणायचंय ते मला कळलं. नावापुढे ‘चुकला’ असं लागलं तर वर्ष-दोन वर्षं छपाई बंद, एवढ्यावर भागत होतं. ‘शत्रू’ असं लागलं तर डोंगरातल्या शेतावर सक्तमजुरीला रवानगी, बायकोची नोकरी जाणार, आणि मूल जन्मणार ते शत्रूचं.

मी रात्रभर भाषण घोकलं होतं. आधी तुएला अहंकारी म्हणालो, कच्चा म्हणालो, शहरी वाऱ्याने बिघडलेला म्हणालो. अध्यक्ष ख्वे मान डोलावत लिहून घेत होते. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. आता त्याचं काळीज मुळात आपल्याच माणसाचं आहे, एवढं दाखवायचं उरलं होतं. त्यासाठी मी ती आईची कविता निवडली होती. शहीद भाऊ, वाट पाहणारी आई, जेवण घेऊन धावून येणारी शेजारीण. याहून निर्मळ पुरावा कुठला आणायचा?

मी कविता म्हणायला लागलो. माझा आवाज चांगला आहे. सभागृह शांत झालं, एकदोघांनी डोळे पुसले, आणि त्याने मला चेव चढला. शेवटाला आलो आणि मी म्हटलं:

आई आजही एक वाडगा जास्त मांडते,
जेवणं झाली की रिकामाच उचलते.

हो, मी माझी ओळ म्हटली! मुद्दाम नाही. माझ्या कानात तीच बसली होती, कारण तीच मला बरी वाटली होती. तोंडातून गेल्यावर मला कळलं, आणि तोवर ख्वेंची लेखणी थांबली होती.

“रिकामा?” ते म्हणाले. “सरकारने जमीन वाटली, घराघरात भात शिजतोय, आणि शहिदाच्या आईचा वाडगा रिकामा? तिला कोणी विचारत नाही, असंच ना?” मग ते तुएकडे वळले. “ही ओळ तुमची?”

तुएने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रस्ता ओलांडताना मोठ्या माणसाकडे पाहतात तसं पाहिलं. ‘माझी’ असा एक शब्द मला बोलायचा होता. मासिकाचा संपादक मी, आधीच माझ्या नावावर ढीगभर पाप. त्यात ही ओळ पडली असती तर डोंगरात मी गेलो असतो. मला दोन मुली होत्या. माणसाला कारणं शोधायला फार वेळ लागत नाही. मी समोरचा चहाचा पेला उचलला आणि प्यायलो.

“माझीच,” तुए म्हणाला.

मागच्यांना हवं ते मिळालं होतं. संध्याकाळपर्यंत त्या वाडग्यात सगळ्यांनी हात धुऊन घेतले.

तुए डोंगरात गेला. दिएपची शाळेतली नोकरी गेली, ती कोपऱ्यावर चहा विकायला बसली. मुलगी झाली. मी एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासू लागलो. तिच्या कोपऱ्यावरून जावं लागू नये म्हणून तीन वर्षं सायकलचा फेरा घालून कामावर जात होतो. यापुढे माझ्याबद्दल आणखी काय सांगू? मी नीच माणूस आहे.

एकसष्टच्या उन्हाळ्यात तुए परत आल्याचं कळलं, तेव्हा मी एक कागद लिहिला. ती ओळ माझी होती, तुएची वेगळी होती, सभेत मी गप्प बसलो, सगळं लिहिलं. खाली सही केली आणि त्याच्या घरी गेलो.

तो उंबऱ्यात उन्हाला बसला होता. हिवतापाने पिवळा पडलेला. दिएप आत पेले विसळत होती. तिने मला पाहिलं आणि विसळतच राहिली.

“या दादा,” तुए म्हणाला. “केस पिकले की हो न्हाव्याचे!”

मी कागद वाचून दाखवला. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“कशाला उगाच?” तो म्हणाला. “माझीच आहे ती.”

“तुए, आता कोणाला वाचवतोस? इथे कोणी नाही.”

“तसं नाही, दादा. तिकडे दर शनिवारी लिहून द्यावं लागायचं. ती ओळ का लिहिली, लिहिताना मनात काय होतं. आधी आधी खोटं लिहायचो. मग खोटं सुचेना. मग आठवायलाच लागलं. गावच्या ओसरीवर बसलो होतो, पाऊस होता, आईने तो वाडगा रिकामाच उचलला, मी बघितलं.”

“तू असं लिहिलं नव्हतंस. तू लिहिलं होतंस, ‘शेजारीण येते, तो भरून जाते.’”

आतला पेल्यांचा आवाज थांबला. तुएने ती ओळ दोनदा ओठांत घोळवून पाहिली. मग तो हसला, माझी कीव आल्यासारखा.

“ही तुमची दुरुस्ती असेल, दादा. छान आहे, पण खोटं आहे ना ते. आमच्याकडे कोण येत होतं?”

दिएप बाहेर आली. तिने माझ्या हातातला कागद घेतला, नीट घडी घातली आणि माझ्याच खिशात ठेवला.

“भाऊजी, तुम्ही या आता,” ती म्हणाली.