बडेकरांचे व्हॉल्व

गोदानं एंटर दाबलं आणि पडद्यावर शून्य उमटलं.

मोजायच्या व्हॉल्वचं नाव तिनं पुन्हा नीट टाइप केलं. पुन्हा शून्य. मागे उभा असलेला हिरामण फिस्सकन हसला.

"बडेकरकाका, या प्लांटात एकपण व्हॉल्व नाय म्हणं!"

येसाजी बडेकर दाराशी चपला काढत होते. कॉम्प्युटरला धूळ सोसत नाही म्हणून त्या खोलीत अनवाणी यायचा नियम होता आणि तो सगळ्यांत कडक तेच पाळत. आत येऊन त्यांनी चष्मा चढवला आणि पडद्याशी वाकले. पाइप होते, टाक्या होत्या, आणि पाइपांवर जागोजाग डमरूच्या आकाराचे व्हॉल्व होते, एकेक कसा रेखीव.

"मंग हे काय हायत?" त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "लाडू?"

गोदाला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. खालापूरच्या त्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसचे बडेकर हेड होते. ती भिवपुरीहून आयटीआय करून आली तेव्हा ड्रॉइंगवर अक्षर कसं घालायचं ते त्यांनीच शिकवलं होतं, रागावून, कागद फाडून. अठ्ठ्याऐंशी साली कॉम्प्युटर आला तेव्हा माऊस कसा धरायचा ते तिनं त्यांना शिकवलं, न रागावता. आता महिनाअखेरीला ते निवृत्त व्हायचे होते. त्याआधी एक तरी शीट मशीनवर स्वतः काढीन आणि खाली माझं नाव घालीन, असा त्यांचा हट्ट होता. रसायनीच्या नव्या प्लांटची ही शीट त्यांनी त्यासाठी मागून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत बसून काढली. डबा कधी खायचे ते देव जाणे.

"काका, हे व्हॉल्व तुम्ही कसे बसवलेत?"

"बसवायला ते काय खिळे हायत? काढलेत."

"प्रत्येक वेगळा?"

"मंग? एक काढायचा नि त्याच्या नकला मारायच्या? ते आळशाचं काम."

गोदानं कपाळाला हात लावला. हा माणूस कागदावरही कधी स्टेन्सिल वापरत नसे, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. एकेक रेघ ओढून त्यांनी प्रत्येक व्हॉल्व नव्यानं काढला होता. माणसाच्या डोळ्याला ते व्हॉल्व होते, मशीनच्या लेखी नुसत्या सुट्या रेघा.

तेवढ्यात मॅनेजर सबनीस आले. मागवायच्या व्हॉल्वची यादी पाचच्या आत मुंबईला कळवायची होती. त्यांनी शून्य पाहिलं, घड्याळ पाहिलं.

"गोदा, हे पुसून तू पहिल्यापासून कर. तुला कितीसा वेळ लागणार? आणि नावही तुझंच घाल. बडेकर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. या वयात एवढं केलंत, हेच पुष्कळ आहे."

बडेकरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागले. काच स्वच्छ झाली तरी पुसतच राहिले. गोदाला ते बघवेना.

"साहेब, शीट काकांची आहे. काकाच दुरुस्त करतील. मी शेजारी बसते."

"आणि पाचला नाही झालं तर?"

"तर मला बोला."

सबनीस मान हलवत गेले. गोदानं स्टूल ओढलं आणि खुर्ची काकांना दिली.

"काका, याला चित्र दिसत नाही. याला नाव कळतं. एक व्हॉल्व काढायचा, त्याला नाव द्यायचं आणि तोच हवा तिथं बसवायचा. मग हा त्या नावाचे मोजतो."

"म्हंजे आंधळाच की."

"आंधळाच. पण एकदा नाव सांगितलं की विसरत नाही."

"मंग तो एक कुनाचा घ्यायचा? तुझा?"

"माझा कशाला? तुमचाच घ्या. या पंप-हाऊसजवळचा बघा किती छान आहे."

बडेकर खुलले. पण पंप-हाऊसजवळचा त्यांना पसंत पडेना. बाजारात बैल निरखावा तसे ते एकेका व्हॉल्वशी थांबू लागले. गोदाचा जीव घड्याळात, आणि यांचं आपलं चाललेलं. शेवटी टाकीजवळचा एक ठरला. त्याला नाव मिळालं. मग जुना पुसायचा, नवा बसवायचा, असं सुरू झालं. पुसताना दरवेळी ते पुटपुटत, "जा रं बाबा." पण हात बसत गेला आणि मोजदाद शून्यावरून वर चढायला लागली, तसा म्हाताऱ्याला चेव आला.

"आता थांब म्हनशील तरी थांबायचा नाय मी!"

चारच्या पुढे प्लॉटरनं शीट छापून कागद बाहेर टाकला. आता तपासणी. ज्यानं काढलं त्यानं मोजायचं नाही, दुसऱ्यानं कागदावर खुणा करत मोजायचं आणि चूक दिसली तर लाल पेन्सिलीनं गोल करायचा, ही त्या ऑफिसची रीत. इतकी वर्षं ती लाल पेन्सिल बडेकरांच्याच खिशात असे. त्यांच्या स्वतःच्या कागदावर लाल करायची कुणाची छाती नव्हती. आज त्यांनी ती काढून गोदापुढे ठेवली.

"धर. तूच तपास."

गोदानं कागद मोजला. मशीनची मोजदाद पाहिली. मशीनमध्ये एक कमी होता.

तिनं पुन्हा मोजलं. मग पडद्यावर एकेका व्हॉल्ववर जाऊन पाहिलं. बॉयलरपाशी तो सापडला. माऊसनं निवडला तर सबंध व्हॉल्व उजळेना, एक रेघ तेवढी उजळली. तिनं काकांकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत होते.

"हा तुम्ही मुद्दाम ठेवलात."

"ऱ्हाऊ दे गं तेवढा. माझा पयला हाय तो. लई झटलोय त्याच्यापाई." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "यादीत एक हातानं वाढव, झालं. कुनाला कळतंय?"

सबनीस दारात येऊन उभे होते. गोदानं लाल पेन्सिल कागदाशी नेली आणि मागे घेतली. ज्यांनी शिकवलं त्यांच्या कागदावर लाल कसं मारायचं? आणि उद्या ही शीट दुसऱ्या कुणी उघडली, पुन्हा मोजली, म्हणजे? काकांचा तो लाडका व्हॉल्व दरवेळी यादीतून गळणार होता.

"नाही काका. आज मी वाढवीन. पुढच्या वेळी कोण वाढवणार?"

तिनं कागदावर बॉयलरपाशी लाल गोल केला.

बडेकर त्या गोलाकडे बघत राहिले. मग खुर्चीवर बसले, तो व्हॉल्व पुसला आणि नावाचा बसवला. एंटर दाबलं. मोजदाद जुळली. दुसरा कागद निघाला. काढणाऱ्याच्या रकान्यात त्यांनी सावकाश 'ये. बडेकर' लिहिलं. तपासणाऱ्याच्या रकान्यात गोदानं सही केली आणि सबनीस यादी घेऊन फोनकडे पळाले.

बडेकरांनी लाल झालेला कागद गुंडाळून काखेत मारला.

"काका, तो रद्दीतला आहे."

"असू दे."

ते चपला न घालताच बाहेर पडले. पलीकडच्या खोलीतून त्यांचा आवाज सगळ्या ऑफिसभर घुमला.

"ए हिरामण, हिकडं ये रं! माझ्या शीटवर लाल मारलंय पोरीनं, माझ्या! आन् गोल बघ कसा काढलाय, कंपास नाय, काय नाय, एका दमात!"