दोन-दोन ठोके म्हणजे चोर

मित्रांनो, अखेर आमच्या लुराहांनी झऱ्याचं पाणी गावाला परत सोडलं आणि सगळीकडे आनंदीआनंद झाला.

खरं म्हणजे असं काही घडलेलंच नाही. आमच्या कालिजेरुक गावात कुणालाही विचारा. लुराह म्हणजे गावप्रमुख. त्यांनी पाणी कधी वळवलंच नव्हतं, मग परत कुठून सोडतील? तेव्हा जे घडलं नाही, ते सविस्तर सांगतो.

मी गावच्या सभामंडपात टांगलेला एक जुना केंटोंगान आहे. फणसाचा ओंडका, आतून कोरून पोकळ केलेला, आणि गळ्यापासून गुडघ्यापर्यंत एक उभी चीर. तेच माझं तोंड. एवढं मोठं तोंड असूनही मी आपणहून बोलत नाही. दांडक्याने बडवलं तरच बोलतो. या बाबतीत मी पुष्कळ माणसांसारखा आहे.

तरुणपणी माझा फार मान होता. एक-एक ठोका म्हणजे कुणीतरी गेलं, दोन-दोन म्हणजे चोर, तीन-तीन म्हणजे आग. माझा आवाज कानावर पडला की प्रत्येक घराने आपला छोटा बांबूचा केंटोंगान घेऊन तेच ठोके पुढे पाठवायचे, ही रीत. आधी वाजवायचं, मग विचारायचं. पुढे मंडपावर कर्णा आला आणि माझ्यावर लोक ओल्या छत्र्या टांगू लागले. पोटात एक पाल राहायला आली. सभा बोलावणं आणि संपवणं, एवढंच काम उरलं.

ते काम सार्वानकडे होतं, कारण त्याला 'नाही' म्हणता येत नसे. आमच्याकडे मोठ्या माणसाला 'इंगिह' म्हणतात, म्हणजे 'हो जी'. त्यात होही बसतं, नाहीही बसतं, आणि 'तुमच्या तळ्यात साप पडो' हेही बसतं. सार्वानचा सगळा जन्म या एका शब्दावर चालला होता. शेजारी म्हणाला, माझी बकरी सांभाळ; इंगिह. दुसरा म्हणाला, ती बकरी माझी आहे; इंगिह.

त्या उन्हाळ्यात लुराहांनी गौरामी मासे पाळायला तळं खणलं आणि झऱ्याची बांबूची पन्हळ तिकडे फिरवली. गाव म्हणालं, इंगिह. सार्वानची बायको लासियेम टेम्पे करायची, म्हणजे सोयाबीन भिजवून, धुऊन, केळीच्या पानात आंबवायची. धुवायला पाणी नाही, तर टेम्पे नासू लागले. शेवटी तिने शहरात धुण्याभांड्यांचं काम ठरवलं आणि गाठोडं बांधलं. सोमवारी निघायचं होतं. रविवारी सभा होती.

"सभेत तुम्ही फक्त 'पाणी' म्हणा," तिने सार्वानला बजावलं. "पुढचं भांडण मी बघते."

"तूच म्हण की."

"मी रोजच म्हणते हो. जायच्या आधी तुमच्या तोंडून एकदा दुसरा शब्द ऐकू दे."

सभेत लुराह बराच वेळ माशांच्या तब्येतीवर बोलले. मासे सुखात होते. मग त्यांनी कुणाची काही तक्रार आहे का, असं विचारलं. सार्वान उभा राहिला. त्याचे ओठ 'पा'पर्यंत आले.

"काय रे सार्वान?"

"इंगिह."

"शाबास. आता उभाच आहेस, तर सभा संपल्याचे ठोके दे."

तो माझ्याजवळ आला. लासियेम एव्हाना उठून पायऱ्या उतरत होती, मागे न बघता. सार्वानने तिच्या पाठीकडे पाहिलं, दांडकं उचललं आणि माझ्या ओठावर हाणलं. टोक-टोक. टोक-टोक.

दोन-दोन.

पाल माझ्या तोंडातून सुटली ती थेट लुराहांच्या मांडीवर. पलीकडच्या घरातून उत्तर आलं, टोक-टोक. मग त्याच्या पलीकडून. सगळं गाव वाजू लागलं. सगळ्यात जोरात वाजत होतं लुराहांचं स्वयंपाकघर, कारण लुराहांच्या पत्नी रीत पाळण्यात कडक.

चोराचे ठोके पडले की चौकशी लुराहांनीच करायची असते. त्यांनी पाल झटकत विचारलं, "कुठंय चोर?"

आमची माणसं सभ्य. मोठ्यांकडे बोट दाखवत नाहीत. जरा वाकून उजव्या हाताचा अंगठा पुढे करतात. सगळा मंडप वाकला. इतक्या आदराने कुणालाही कधी चोर म्हटलं गेलं नसेल. लुराहांनी मागे वळून पाहिलं. मागे खांब होता.

"पाणी," सार्वान म्हणाला. आवाज फाटका होता, पण शब्द अख्खा होता.

पायरीवर लासियेम थांबली.

लुराहांनी ते अंगठे एकदा मोजून पाहिले. मग म्हणाले, "इंगिह."

दुपारी पन्हळ फिरली. लासियेमने गाठोडं सोडलं आणि त्याच फडक्यात सोयाबीन घेऊन धुवायला बसली. सार्वानला तर नव्या शब्दाची अशी गोडी लागली की भात वाढू का विचारलं तरी तो 'पाणी' म्हणे. "आता तिसरा शब्द पुढच्या सभेला वाटतं," ती म्हणाली आणि हसता हसता तिने ओंजळभर पाणी त्याच्या तोंडावर उडवलं. लुराहांची लाज राहावी म्हणून हे सगळं घडलंच नाही, असं गावाने एकमताने ठरवलं.

मित्रांनो, अन्याय दिसला की प्रत्येकाला लगेच शब्द सापडतोच असं नाही. दांडकं सापडलं तरी चालतं. पहिला ठोका मात्र कुणीतरी द्यावा लागतो. पुढची घरं वाजायला तयारच बसलेली असतात. म्हणून आपल्या गावचा केंटोंगान जपा. त्याच्यावर छत्र्या टांगू नका.

तरी ग्रामकार्यालयास सविनय विनंती, की सदर न घडलेल्या घटनेच्या स्मरणार्थ गावास दरवर्षी एक दिवस सुट्टी देण्यात यावी. त्या दिवशी अर्जदाराच्या सर्वांगास खोबरेल तेल लावण्यात यावे. आणि ते लावण्याचा मान लुराहांना देण्यात यावा. पालीसही कळवावे, की जागा अद्याप रिकामी आहे.