नऊ दिवसांची पोच

"झालं?" तिनं विचारलं. न्यायमूर्तींनी पुढची फाइल उघडलीसुद्धा होती.

वकिलांनी तिला व्हरांड्यात आणलं. "हेबिअस कॉर्पसची याचिका निकाली काढली, ताई. आपण म्हणालो, माणूस हजर करा. पोलिसांनी काल संध्याकाळी तुमच्या मिस्टरांना मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं, कोठडीही मिळवली. आता ते कायदेशीर ताब्यात आहेत. हायकोर्ट म्हणतं, याचिकेत काही उरलं नाही."

"आणि आधीचे नऊ दिवस?"

"पोलिसांच्या कागदावर अटक कालचीच आहे."

नऊ दिवस ती डबा घेऊन ठाण्यात गेली होती. "इथं असा कोणी नाही," हवालदार म्हणायचा, आणि डबा ठेवून घ्यायचा. संध्याकाळी तो रिकामा परत मिळायचा.

"मग जेवत कोण होतं?"

"तेही मांडलं मी. वेगळी दाद मागा म्हणाले. पण पुरावा लागेल." वकील चष्मा पुसत राहिले.

व्हरांड्याच्या टोकाला दोन शिपायांमध्ये नवरा उभा होता. पाणीपुरवठ्याचा पंप मेकॅनिक. घरीसुद्धा हात कधी स्वस्थ नसायचे. आज उजवा हात त्यानं डाव्यानं पोटाशी धरला होता.

"हाताला काय झालं?"

"जिन्यावरून पडलो, असं लिहून दिलंय," तो खाली बघत म्हणाला.

ती तिथून थेट पंपहाऊसवर गेली. चोरीच्या संशयावरून पोलिसांनी त्याला तिथल्याच फाटकातून उचललं होतं, फोरमनच्या डोळ्यांदेखत. शपथपत्र द्यायची वेळ आली तेव्हा मात्र फोरमनच्या पाठीत उसण भरली होती.

त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, रजेचा अर्ज पुढे केला. "वहिनी, आजारी होता म्हणून लिहा. नोकरी वाचेल."

तिनं सावकाश लिहिलं : 'दहा तारखेला कामावर असताना पोलिसांनी फाटकातून नेले. तेव्हापासून त्यांच्याच ताब्यात आहेत.'

फोरमननं दोनदा वाचलं. "ह्यावर पोच म्हणून शिक्का मारला तर मला कोर्टात बोलावतील."

"बोलावतील."

"मला दोन मुली आहेत, वहिनी."

"माहीत आहे. बारशाला आले होते मी दोघींच्या."

त्यानं अर्ज टेबलावर ठेवला. आत पंपांची घरघर चालू होती. "उद्या या," तो म्हणाला.

"मी थांबते," ती म्हणाली आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून बसली. शिक्का दोघांच्या मध्ये पडून होता.